आरशावरचं विमान

नाना, तुमचं विमान मी दुरुस्त केलं. आज ते वहिनींच्या घरी महालक्ष्म्यांपुढे आरशावर बसलं आहे. दोन्ही पंखे बोटानं ढकलले की फिरतात. वैमानिकाच्या समोरच्या तबकड्यांवर मी सुईच्या टोकानं पांढरे काटे काढले आहेत, आणि पत्र्याचे सांधे दिसावेत म्हणून रेघांमध्ये पातळ काळा रंग सोडून वरचा पुसून घेतला आहे. माझ्या शाळेतल्या एखाद्या मुलीनं असं काम करून आणलं असतं तर मी तिला पैकीच्या पैकी दिले असते, आणि मी कुणाला पैकीच्या पैकी देत नसे हे अख्ख्या हिंगोलीला माहीत आहे. तरी कालपासून मला त्या विमानाकडे बघवत नाही. का, ते तुम्हाला सांगायचं आहे. आणि तुम्हाला सांगायचं तर सुरुवातीपासून सांगायला हवं, कारण मधूनच सुरू केलेली गोष्ट तुम्ही कधी ऐकून घेतली नाहीत.

विमानाचं ते खोकं कुठून आलं हे घरात तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला नीट ठाऊक नव्हतं. मी वसतिगृहात राहून शिकत होते त्या कॉन्व्हेंटमध्ये नाताळच्या आधी परदेशातून पार्सलं यायची. शिवणकामात पहिल्या आलेल्या मुलीला सिस्टर एक बांधलेलं बक्षीस उचलायला सांगायच्या. मी सगळ्यांत लांबट खोकं उचललं, कारण त्यात बाहुली असणार याची मला खात्री होती. सुट्टीत घरी येईपर्यंत उघडलं नाही. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले होते. सिद्धेश्वर धरणाच्या कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरच्या ओट्यावर तुम्ही कार्यालयातून येऊन पाय धुताय, आणि मी तुमच्यासमोर दोरी सोडते आहे. आत राखाडी प्लास्टिकच्या काड्या, आणि त्यांना कैऱ्यांसारखे लटकलेले बारीक बारीक तुकडे. मी रडायलाच लागले.

"काहून रडून राहिलीस? अगं, विमान आहे हे. आणि बघ, खालून होडी! पाण्यावर उतरणारं विमान आहे."

"मला नको. हे मुलांचं आहे."

"मग मला दे. मी बी कुणाचा तरी मुलगाच आहे."

आणि तुम्ही ते घेतलंत. हसत घेतलंत, पण मला परत द्यायचा विचारही तुमच्या चेहऱ्यावर नव्हता. धरणावरच्या कार्यालयात दिवसभर पाण्याच्या पातळीचे आकडे लिहिणारा माणूस, आयुष्यात कधी विमानाच्या जवळ गेला नव्हता. मोठ्या सुट्टीत आपण ते जोडायला घेतलं तेव्हा पुस्तिका इंग्रजीत म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी सिस्टरच्या हेलात वाचायची आणि तुम्ही पोथी ऐकावी तसे मान खाली घालून ऐकायचात. "थांब. परत वाच. हळू." मला तो अधिकार फार आवडला होता. वर्गात मी उभी राहून वाचायची, इथे बसून वाचत होते आणि बाप ऐकत होता.

चाकांवरून आपलं भांडण झालं ते तुम्हाला आठवत असेल. त्या विमानाला पोटात मिटणारी चाकं होती, म्हणजे जमिनीवरही उतरवता यावं. मी वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "चाकं कशाला? समोर एवढं पाणी पडलंय."

"पण नाना, पुस्तिकेत दिलंय."

"पुस्तिका लिहिणाऱ्यानं आपलं धरण पाहिलंय का?"

चाकं तुम्ही तंबाखूच्या डबीत ठेवून दिलीत. खोक्यातली चिकटवायची नळी वाळून दगड झाली होती, तर तुम्ही सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्युशन आणलंत. त्यानं प्लास्टिक जरा विरघळायचं आणि सांध्यातून फेस आल्यासारखं बाहेर यायचं. मग धरणाच्या दरवाजांना लावायचा चंदेरी रंग, रंगाऱ्याच्या डब्याच्या बुडाशी उरलेला, तो तुम्ही जाड ब्रशनं असा फासलात की अर्ध्या रेघा बुजल्या. मी ओरडत होते. शिवणकामाच्या सिस्टर आमचे रुमाल उलटे करून बघायच्या, आणि मागून टाका वेडावाकडा दिसला की उसवायला लावायच्या. काम असं हवं की करणाऱ्याचा हात दिसता कामा नये, असं त्या म्हणायच्या. मला ते बायबलाइतकं खरं वाटायचं. तुमच्या कामात तर हाताशिवाय काहीच दिसत नव्हतं.

त्या वर्षी भाद्रपदात ते विमान महालक्ष्म्यांपुढच्या आरासीत गेलं. आपल्याकडे जे जे घरात चांगलं असेल ते लक्ष्म्यांपुढे मांडायचं. आईच्या पितळी वाट्या, मातीची फळं, दादाची चावीची मोटार, शेजारणीकडून मागून आणलेल्या बाहुल्या. तुम्ही मधोमध दाढीचा मोठा आरसा आडवा ठेवलात, कडेनं गव्हाचे पिवळे अंकुर लावलेत, आणि आरशावर विमान. म्हणालात, "हे आपलं सिद्धेश्वर." कॉलनीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या, विमान बघून "अगं बाई" म्हणाल्या, आणि मी पुढे होऊन प्रत्येकीला सांगू लागले की हे चुकीचं जोडलं आहे, ह्याला चाकं असतात, शेपटीवरचं चित्र उलटं लागलं आहे. तुम्ही दारात उभे होतात. बायका गेल्यावर एवढंच म्हणालात, "आल्यागेल्याला दाखवायला तुला एवढंच सापडलं?" आवाज चढवला नाहीत. तुम्ही मला मारलं असतंत तर मी विसरले असते.

पुढे मी शिकले, शिकवू लागले, मुख्याध्यापिका झाले. तुम्ही गेलात, मग आई, मग दादा. लक्ष्म्या दादाच्या घरी हिंगोलीत बसतात, वहिनी सगळं करतात. आणि मी, नाना, त्याच गावात राहून वर्षानुवर्षं फक्त जेवायला गेले. पुरण वाढायच्या वेळेला पोचायचं, आंबील पातळ झाली म्हणून सांगायचं, वहिनींच्या सुनेनं पुण्याहून आणलेल्या लुकलुकणाऱ्या दिव्यांवर नाक मुरडायचं, आणि पान उचललं की निघायचं. आदल्या दिवशी सकाळी आरास मांडतात, पूजेच्या आधी कुणी कशाला काय लावतं, हे मी पाहिलेलं नाही. विमान कुठेतरी मध्ये असायचं, चंदेरी, कळकट, कुंकवानं डागाळलेलं. मी त्याच्याकडे पाहायचं टाळायची.

ह्या उन्हाळ्यात वहिनी आरासीची पेटी उन्हाला घालत होत्या आणि मी सहज गेले होते. त्यांनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं विमान काढून माझ्यासमोर धरलं. एक पंख निखळला होता.

"वन्सं, ह्याचं काय करावं? पेटीत ठेवायला भेव वाटतंय आता."

"टाकून द्यायचं असेल तर तसं सरळ म्हणा ना. नानांच्या हातची एवढी एकच वस्तू उरली आहे घरात, तीही जड झाली?"

वहिनी म्हणजे आपल्या हिंगोलीजवळच्या गोरेगावकडची बाई, उत्तराला उत्तर देत नाही. "टाकायचं कोन म्हनलं?" एवढंच म्हणाल्या, आणि लुगड्याच्या तुकड्यासकट विमान माझ्या हातात दिलं. त्या तुकड्याबरोबर चाकांची डबीसुद्धा. ती त्यांनी इतकी वर्षं जपली होती, आणि ते माझ्या डोक्यात शिरलंसुद्धा नाही. मी तरातरा घरी आले. आपण काहीतरी वाचवून आणलं अशा थाटात आले.

मग मी शिकायला बसले. मोबाईलवर माणसं असतात, नाना, पोक्त पोक्त पुरुष, जे तासन्‌तास प्लास्टिकची विमानं जोडून दाखवतात. त्यातला एक तर मला म्हणाला की मॅडम, नातवासाठी शिकताय का. मी त्याला लिहिलं की तुमच्या विमानाच्या डाव्या पंखावर केस चिकटला आहे, तो आधी काढा. नंतर त्यानं मला कधी नातवाचं विचारलं नाही. चिमटा घेतला, भिंग घेतलं, पॉलिश पेपर घेतला, वेगवेगळ्या दाणेदारपणाचा. रोज खिडकीपाशी सकाळच्या उजेडात बसायची. निवृत्तीनंतर पहिल्यांदा माझी सकाळ कशासाठी तरी होती. काम सुरू करायच्या आधी त्या मंडळींना दाखवायला म्हणून मोबाईलवर एक फोटो काढला, तुमच्या विमानाचा, होतं तसा.

मग तुमचा चंदेरी रंग काढायला ते सोड्याच्या पाण्यात बुडवलं. सोड्यात हळद लाल होते; इतक्या वर्षांच्या हळदीनं ते पाणी लालभडक झालं. मी ते मोरीत ओतलं आणि पुन्हा भरलं. खालचं राखाडी प्लास्टिक वर आलं तेव्हा उजव्या पंखाच्या मुळाशी, जिथे पंख अंगाला जोडतात, तिथे एक खडबडीत डाग निघाला. साच्यातला दोष असेल म्हणून मी त्यावर पुट्टी भरली, सुकू दिली, आणि घासलं. आधी जाड पेपरानं, मग बारीक, मग पाणी लावून. बोट फिरवलं की काही लागेना असं गुळगुळीत केलं. मग निळा रंग वरून, पांढरा खालून, नवी चित्रं पाण्यात भिजवून सरळ लावली. आणि डबीतून चाकं काढून लावली. हो, लावली. पुस्तिकेप्रमाणे. खोटं सांगत नाही, चाकं बसली तेव्हा मी एकटीच मोठ्यानं म्हणाले, "आता बघा."

लक्ष्म्या येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी ते वहिनींकडे घेऊन गेले. ह्या वेळी जेवायला नाही, मांडायला. वहिनी आरासीच्या पायऱ्यांवर पांढरी चादर घालत होत्या. हात पुसून आल्या, विमान दोन्ही हातांत घेतलं. मी तबकड्या दाखवल्या, काटे दाखवले, पंखे फिरवून दाखवले.

"लई बारीक काम केलंत हो वन्सं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पन हे आरशावर कसं ठेवायचं आता? चाकं काहून लावली? पाण्यावरचं हाय ना हे?"

मी म्हटलं, मूळ विमान असंच असतं. त्यांनी विमान उजेडाकडे तिरपं केलं, पदराच्या टोकानं उजव्या पंखाचं मूळ पुसलं, पुन्हा तिरपं केलं.

"वन्सं, अंगठा कुठं गेला?"

"कसला अंगठा?"

"मामंजींचा. इथं व्हता. सासूबाई इथंच कुंकू लावायच्या. मामंजी गेले त्या साली आरास न्हाई मांडली, निस्ता आरसा ठिवला अन् त्याच्यावर हे. अन् सासूबाईंनी अंगठ्यावर कुंकू लावलं. तवापासून आमी लावतो. लक्ष्म्यांना लावायचं, अन् मग ह्याला. आमच्या ह्यांनी मला दाखवलं व्हतं, लग्नाच्या पहिल्याच साली, हात धरून."

स्वयंपाकघरात कुकर शिटी देत होता. वहिनी उठल्या नाहीत, वाट बघत राहिल्या. आणि मी, जिनं आयुष्यभर पोरींना खोटं बोलल्या म्हणून वर्गाबाहेर उभं केलं, मी म्हणाले, "तो केव्हाच झिजला असेल, वहिनी. माझ्याकडे आलं तेव्हा तिथे काही नव्हतं."

"आस्सं," वहिनी म्हणाल्या. "मागच्या साली तर व्हता वाटतं. आता आमची नजर तरी कुठं बराबर ऱ्हायली." आणि कुकरकडे गेल्या. त्यांनी माझं ऐकून घेतलं, नाना. स्वतःच्या डोळ्यांवर दोष घेतला आणि माझं ऐकून घेतलं. मी बसून चिमट्यानं चाकं ओढून काढली. ती निघाली. पोटाला दोन भोकं राहिली, ती आरशाकडे गेली की दिसत नाहीत.

घरी आल्यावर मी तो फोटो उघडून मोठा केला. चंदेरी रंगावर वर्षानुवर्षं लावलेलं कुंकू बारीक बारीक खाचांमध्ये बसून राहिलं होतं, आणि त्या लाल रेषांनी तुमचा अख्खा अंगठा काढला होता. गोल गोल वळणं, आणि त्यांना आडवी छेदून गेलेली ती रेघ, अडकित्त्यानं तुमचा अंगठा कापला होता त्याची. फोटो बघता बघता ती दुपार समोर आली. तुम्ही पाटावर बसलाय, पंख लावलाय, सोल्युशन ओलं आहे, आणि तुम्ही अंगठ्यानं तो दाबून धरलाय. सोडला तर पंख पडतो. आई डाव्या हातात चहाची बशी देते. तुम्ही हलत नाही. नाकावर माशी बसते.

"ए, माशी उडव की. बघत काय बसलीस?"

मी पुस्तिकेनं माशी हाकलते. तुम्ही म्हणता, "पळाली. आता सोडू का?" मी म्हणते, "अजून नाही." तुम्ही धरून ठेवता. शेवटी अंगठा उचलता तेव्हा तो जरा चिकटलेला असतो, चट्‌ असा आवाज होतो, आणि पंख तिथेच राहतो. तुम्ही अंगठा मला दाखवता. "चिकटलं ना? मग झालं." मी तेव्हा काय म्हणाले ते मला आठवत नाही. काहीतरी बोलले असेन. मी गप्प बसले असं तर झालं नसणार.

काल पूजेला मी वेळेवर गेले. पुरण शिजत होतं, सून दिव्यांची माळ सारखी करत होती, आणि मी तिला काहीही बोलले नाही, त्यामुळे ती दोनदा वळून बघून गेली. लक्ष्म्यांना हळदकुंकू झालं. वहिनींनी कुंकवाची कोयरी माझ्यापुढे धरली. "आज तुमीच लावा. एवढे दिस हात फिरलाय तुमचा त्याच्यावर."

मी वाकले. पंख निळाभोर, गुळगुळीत, कुठे काही खूण नाही. पण फोटो मी इतक्या वेळा पाहिला होता की मला शोधावं लागलं नाही. मुळाशी, सांध्याच्या रेघेच्या अलीकडे, थोडं मागच्या बाजूला झुकून. करंगळीजवळच्या बोटानं मी कुंकू टेकवलं. रंग गुळगुळीत म्हणून ते नीट धरेना, अर्धं आरशावर सांडलं.

वहिनी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "व्हय," त्या म्हणाल्या. "तिथंच. बराबर सापडली की जागा तुम्हाला."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला उत्तर सुचलं असतं, टोमण्यांना मला नेहमी सुचतं. पण तिथे काही नव्हतंच म्हणणाऱ्या बाईला जागा बराबर सापडली, हे बोलून गेल्यावर त्यांच्याही लक्षात आलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर ते येताना पाहिलं. त्यांनी कोयरी माझ्या हातातून घेतली, पदरानं आरशावर सांडलेलं कुंकू टिपलं, आणि म्हणाल्या, "चला वन्सं, आंबील बघा जरा. पातळ झाली का काय ते तुमीच सांगा." मी आंबील चाखली. चांगली झाली होती. तसं म्हणाले, आणि माझा आवाज फाटला, तर त्यांनी सुनेला हाक मारून दुसऱ्या कामाला बाहेर पाठवलं.

आज संध्याकाळी लक्ष्म्या जातील आणि वहिनी विमान त्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळतील. हे पत्रही त्याच पेटीत ठेवावं असं सकाळी वाटलं होतं. ठेवणार नाही. वहिनींच्या हाती लागेल, आणि वर मी एक गोष्ट नीट लिहिलेली नाही. साच्यातला दोष समजले असं मी लिहिलं. तसं नव्हतं. रंग उतरल्यावर, पुट्टी भरायच्या आधी, मी भिंगातून ती जागा पाहिली होती. बोटाची वळणं दिसत होती. ती तुमची आहेत हेही कळलं होतं, कारण ते विमान दुसऱ्या कुणी जोडलंच नव्हतं. मला वाटलं, केवढा हा गबाळेपणा. आणि मी पॉलिश पेपर उचलला.